घरी केलेले स्टिकर फाशांवर टिकवावेत कसे

फाशाच्या कोऱ्या बाजूंवर हवी ती अक्षरे किंवा चिन्हे चिकटवणे अर्ध्या तासाचे काम आहे. शे-दोनशे वेळा दान टाकल्यावरही ती जागच्या जागी राहणे हा खरा प्रश्न असतो. भाचीसाठी केलेल्या अक्षरांच्या फाशावर मी वरून वॉर्निशचे तीन थर दिले होते. अक्षरांना काही झाले नाही, पण आठवडाभरात ‘ग’चा एक कोपरा उचलला गेला, त्याखाली घाम आणि धूळ शिरली आणि शेवटी भाचीने तो नखाने सोलून काढला. स्टिकर वरून झिजण्याआधी कडेने सुटतो, म्हणून पुढची सगळी खटपट मुख्यतः कडांसाठी आहे.

बाजू किंचित खोलगट असलेले कोरे फासे मिळाले तर तेच घ्यावेत, कारण खळग्यात बसलेल्या स्टिकरची कड टेबलावर घासत नाही. साध्या फाशाची बाजू बहुधा 16 मिलिमीटर असते, परंतु कडा गोलावलेल्या असल्यामुळे सपाट जागा त्याहून कमी भरते. ती पट्टीने मोजून स्टिकर चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर लहान ठेवावा. वळणावर गेलेला कागद पुन्हा सरळ होऊ पाहतो आणि तिथूनच सुटू लागतो.

छपाई शक्यतो लेझर प्रिंटरवर करावी. त्याची शाई म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळते. ओला कापूस छापील कोपऱ्यावरून फिरवल्यास लगेच कळते. रंग उतरत असेल तर कागद दिवसभर वाळू द्यावा आणि कापण्यापूर्वीच त्यावर पुस्तकांना घालतात तसे पारदर्शक चिकट कव्हर बुडबुडे न येऊ देता बसवावे. लेझरच्या छपाईलाही याचा फायदा होतो. नंतर पोलादी पट्टी आणि धारदार कटरने चौकोन कापावेत व त्यांचे कोपरे नेलकटरने किंचित गोल करावेत. टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलला जातो, तेव्हा हे काम क्षुल्लक वाटले तरी टाळू नये.

चिकटवण्यापूर्वी फासा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. स्पिरिटने पुसण्याचा मोह होतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकच्या फाशाला त्याने बारीक तडे जाऊ शकतात. अंकांचे स्टिकर असतील तर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 येते ना, हे आधीच ठरवून घ्यावे. स्टिकर चिमट्याने धरून एका कडेपासून हळूहळू टेकवावा, वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत जावे आणि मग फाशाला 24 तास हात लावू नये, कारण गोंदाची पकड सावकाश वाढते.

आता कडा बंद करायच्या. यासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश आणि शून्य नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश पुरेसा आहे. ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळून, निम्मा स्टिकरवर आणि निम्मा फाशावर राहील असा चारही कडांवरून फिरवावा. पातळ थर द्यावा आणि तो वाळल्यावरच दुसरा द्यावा. एकच जाड थर दिला तर वॉर्निश कडेशी साचून गाठ होते. घरात असते म्हणून नेलपॉलिश वापरू नये: त्यातील द्रावक लेझरची शाई पसरवतात आणि काही प्लॅस्टिकचा पृष्ठभागही मऊ करतात. एका वेळी वरची एकच बाजू रंगवावी, ती वाळल्यावर फासा उलटावा. घाईने सहाही बाजू रंगवल्या तर फासा वर्तमानपत्राला चिकटतो आणि कालच्या बातम्या त्यावर कायमच्या उमटतात.

ब्रशऐवजी वॉर्निशचा स्प्रे वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि चकाकीऐवजी दुधाळ पांढरेपणा येतो. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे काम कोरड्या दिवसाची वाट पाहूनच करावे. खिडकी उघडी ठेवावी आणि एक फुटावरून हलके फवारे मारावेत. सहाही बाजूंना सारखेच थर द्यावेत.

वॉर्निश हाताला लवकर कोरडे लागते, तरी आतून पक्के व्हायला आणखी काही दिवस लागतात. निदान तीन दिवस तरी फासा खेळात घेऊ नये. त्यानंतर प्रत्येक कडेवरून नख आडवे फिरवून पाहावे. जिथे ते अडकेल, तिथेच ब्रशचे टोक पुन्हा एकदा टेकवावे. खेळताना फासा मळला तर किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा, पाण्यात मात्र बुडवू नये.