विकत घेतलेला सिनेमा, मोजका डेटा आणि लॅपटॉप: या चुका टाळा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कळव्यात भाड्याने राहायला आलो. करार अकरा महिन्यांचा, म्हणून ब्रॉडबँड घेतलं नाही. त्याच सुमारास आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवसभर पलंगावर बसून ते कंटाळायचे. मी एक सिनेमा ऑनलाइन विकत घेतला, त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडून दिला आणि ऑफिसला गेले. दुपारी फोन आला, "अगं, पैसे भरलेस ना? मग हे चाक नुसतं फिरतंय का?" दिवसाचा १.५ जीबी डेटा मध्यांतराच्या आधीच संपला होता.

चूक पैसे भरण्याआधीच झाली होती. सिनेमा विकत घेतला म्हणजे तो कॉम्प्युटरवर आला, असं मी धरून चालले. आपण विकत घेतो ती बघण्याची परवानगी. तो उतरवून ठेवता येईल का आणि कुठल्या यंत्रावर, हे प्रत्येक दुकान स्वतः ठरवतं. मी घेतलेला सिनेमा फक्त फोनवर डाउनलोड होत होता आणि तेही पैसे भरल्यावर कळलं. यूट्यूबचंच बघा: तिथे विकत घेतलेला सिनेमा फोनच्या ॲपमध्ये उतरतो, विंडोजच्या ब्राउझरमध्ये ती सोय नाही. ॲपलचं टीव्ही ॲप विंडोजवरही मिळतं आणि त्यात डाउनलोड होतं. मिळालेली सोय कायम राहील असंही नाही. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने विंडोजच्या ॲपमधून डाउनलोड काढून टाकलं. म्हणून आधी ॲप लॅपटॉपवर टाका, डाउनलोडचं बटण डोळ्यांनी बघा, मगच पैसे भरा.

एकदा बघितलेला सिनेमा मशिनमध्ये साठून राहतो, असंही बरेच जण समजतात. तसं होत नाही. ऑनलाइन दुसऱ्यांदा बघितलात तर डेटा पुन्हा तेवढाच जातो.

आता हिशेब. ५ एमबीपीएसची एचडी प्रत तासाला साधारण २.२५ जीबी खाते, म्हणजे सव्वादोन तासांच्या सिनेमाला ५ जीबी. २ एमबीपीएसची साधी प्रत त्याच सिनेमाला २ जीबीच्या आसपास घेते. लॅपटॉपच्या चौदा-पंधरा इंची पडद्यावर आप्पांना फरक जाणवला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा दर्जा आधी कमी करा. बऱ्याच ॲपमध्ये तो मुळातच वरचा ठेवलेला असतो.

रोजचा डेटा संपल्यावर 'हळूहळू उतरेल' म्हणून डाउनलोड चालू ठेवण्यात अर्थ नाही. वेग ६४ केबीपीएसवर आला की १ जीबीला जवळपास ३५ तास लागतात. त्यापेक्षा रात्रीचं गणित जमवा. बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये नवा कोटा रात्री बाराला सुरू होतो. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी आप्पांच्या फोनमध्ये दिवसभर राखलेला १ जीबी घेऊन साडेअकराला बसले. फोन चार्जरला लावून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कारण घरात रेंज तिथेच बरी आहे. पट्टी ४७ टक्क्यांवर पोचली आणि अडकली. बारा वाजून दोन मिनिटांनी ती पुन्हा सरकायला लागली. एका बैठकीत दोन दिवसांचा डेटा वापरता आला, बूस्टर पॅक लागला नाही.

त्या रात्री ते जमलं, कारण त्याआधी एक रात्र वाया गेली होती. सिनेमा दहा टक्केही उतरला नव्हता आणि डेटा संपला होता. खाल्ला होता विंडोजच्या अपडेटने. लॅपटॉपला तुमचा हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफाय वाटतं, तो मोजका आहे हे आपणच सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक अपडेट तिथेच थांबतात, फाइल्स इंटरनेटवर साठवणारं वनड्राइव्हही सिंक थांबवतं. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावलात तर तिथे हे पुन्हा करावं लागतं. एखादं ॲप मीटर्ड असताना डाउनलोडच करत नाही. तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये परवानगी शोधा. डेटा कोण खातंय ते तिथल्याच 'डेटा युसेज'मध्ये ॲपवार दिसतं.

लॅपटॉप झोपला की डाउनलोडही थांबतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जिंगवर असताना स्लीप 'नेव्हर' ठेवा आणि झाकण उघडं राहू द्या.

शंभर टक्के उतरलं की लगेच निर्धास्त होऊ नका. वायफाय बंद करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि सिनेमा दोन मिनिटं चालवून बघा. आवाजाची भाषा आणि सबटायटल्सही तेव्हाच तपासा, कारण ऑनलाइन दिसणाऱ्या सगळ्या भाषा डाउनलोडमध्ये येतीलच असं नसतं. ही तपासणी घरात कोणी जाणतं असताना करा, दुपारी एकट्या माणसावर सोडू नका. मात्र सिनेमा भाड्याने घेतलेला असेल तर सांभाळा. ॲपलवर तो ३० दिवसांत सुरू करावा लागतो आणि प्ले दाबल्यापासून ४८ तासांत संपवावा लागतो. तपासायला म्हणून दोन मिनिटं लावलात तरी घड्याळ सुरू होतं. तेव्हा आधी विकत घेतलेलं दुसरं काहीतरी उतरवून ॲप तपासा.

मग पेनड्राइव्हचा मोह. उतरवलेली फाइल शोधून शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर नेली तर ती उघडणार नाही. तिला कुलूप असतं आणि किल्ली तुमच्या अकाउंटपाशी. ॲपलची फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते, पण चालते तुमच्या अकाउंटने ऑथोराइझ केलेल्या कॉम्प्युटरवरच आणि असे कॉम्प्युटर जास्तीत जास्त ५. फाइल कॉपीच होत नसेल, तर डिस्क एफएटी३२ फॉरमॅटची असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, डिस्क एक्सएफएटी फॉरमॅटची लागते. डिस्कवरचं सामान आधी दुसरीकडे ठेवा, फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं. जागा करायच्या नादात ॲपमधून साइन आउटही करू नका. काही ॲप तेवढ्यावर सगळी डाउनलोड्स काढून टाकतात.

जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए कन्व्हर्टरने जोडल्यावर पडदा काळा येतो, तो बिघाड नसतो. संरक्षित सिनेमाला एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, मानणारी जोडणी लागते आणि व्हीजीए या जुन्या जोडणीत ते नाही. एचडीएमआय असलेला पडदा घ्या. आणि गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचा बेत असेल तर घरगुती खरेदी त्याला पुरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक दाखवण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

डीव्हीडी मला अजूनही मोलाची वाटते. एकदा घेतली की डेटा शून्य. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवणारा प्लेअर मुळात नसतो. व्हीएलसी हा प्लेअर फुकट आहे आणि त्याची फाइल १०० एमबीच्या आत. परदेशातून कुणी डिस्क आणली तर रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालते त्याचा क्रमांक, बघा. आपला ५ आहे आणि ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो.

सगळं ठीक असून 'परवाना संपला' असं येत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, बहुधा सीआर२०३२, संपला की बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि ॲपचा गोंधळ उडतो. आधी तारीख हाताने दुरुस्त करा, एकदा हॉटस्पॉट लावून ॲप उघडा. सेल बदलून घेतला की दर वेळी हे करावं लागत नाही.