झोपेचे आजार घरच्या घरी ओळखताना

“बघ कसा गाढ झोपलाय, घोरतोय नुसता!” आपल्याकडे हे कौतुकानं म्हणतात, आणि चूक तिथूनच सुरू होते. घोरणं हा घशातली वाट अरुंद झाल्याचा आवाज आहे. त्यावरून झोप गाढ आहे असं काही ठरत नाही, उलट अनेकदा ती रात्रभर तुटत असते. आणि ज्याची झोप बिघडलेली असते त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, कारण तेव्हा तो झोपलेला असतो. म्हणून लक्षणं शोधायची ती दोन ठिकाणी: शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे आणि एका वहीत.

दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या आणि ती सकाळी भरा. रात्री घड्याळ बघून नोंदी करायला गेलात तर त्यानंच झोप उडेल. एक ओळ साधारण अशी असावी:

“सोमवार. आडवा ११:००. मोबाइल ठेवला १२:१०. झोप साडेबाराच्या सुमारास. ४ ला लघवीला उठलो. ६:१५ ला गजर. ३ च्या मीटिंगमध्ये पेंग. चहा ४ वेळा, शेवटचा ६:३० ला.”

आडवं होण्याची वेळ आणि मोबाइल ठेवण्याची वेळ वेगळी लिहायची, कारण अनेकांच्या “मला झोपच लागत नाही”चं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे सापडतं. मद्य घेतलं असेल तर ते, आणि चालू औषधंही लिहा. नोंदीत दोन शनिवार-रविवार आले पाहिजेत. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी टाळा, त्या दिवसांत कोणाचीच झोप जागेवर नसते.

वरच्या ओळीतला माणूस पावणेसहा तासांहूनही कमी झोपतोय. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास लागतात. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्यानं सातची बस पकडायची आणि रात्री बारापर्यंत मालिका बघायची, तर दुपारची पेंग हा आजार नव्हे, उधारी आहे. सलग दोन आठवडे साडेसात तास अंथरुणाला द्या. त्यानं पेंग गेली तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. एवढं झोपूनही सकाळी डोकं जड आणि दुपारी डोळे मिटत असतील, तर मात्र झोपेच्या आत काहीतरी बिघडलंय.

दमणं वेगळं, पेंगणं वेगळं

“थकवा येतो” या शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी दडतात. अंगात त्राण नाही, पण आडवं झालं तरी डोळा लागत नाही, हा थकवा. त्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासावं, आणि मन उदास आहे का तेही बघावं. बसल्या जागी डोळा लागतो ती पेंग, आणि ती झोपेच्या आजाराकडे बोट दाखवते.

पेंग मोजायची सोपी पट्टी आहे. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये मांडली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत किंवा नाट्यगृहात नुसतं बसल्यावर, दुसरा कोणी गाडी चालवत असताना तासभर प्रवासात, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलत बसलेलं असताना, दुपारच्या जेवणानंतर (मद्य न घेता) शांत बसल्यावर, आणि गाडी वाहतुकीत दोन-चार मिनिटं थांबलेली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला 0 ते 3 गुण द्यायचे. एकूण 24 पैकी 10 च्या वर गेलात तर डॉक्टरांना भेटा.

आता दुपारी आडवं झाल्यावरच्या प्रश्नाला एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या शहरात कोणीही धडधाकट माणूस तीन गुण घेईल. म्हणून बेरजेइतकंच, गुण कुठे पडले तेही बघा. समोरचा बोलत असताना डोळा लागणं आणि सिग्नलला थांबल्यावर डोळा लागणं, या दोन ठिकाणी एखादा गुण पडला तरी तो गांभीर्यानं घ्यायचा.

गाडी चालवताना एकदा जरी मान खाली गेली असेल तर तपासणी होईपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे द्या. एक्सप्रेस-वेवर खिडकी उघडून, गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. जागं असल्याचा भास तेवढा होतो. फूड मॉलला गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा असर साधारण तेवढ्याच वेळानं सुरू होतो.

घोरणं: कान देऊन ऐकायची गोष्ट

घोरण्याचा आवाज किती मोठा, यापेक्षा तो मधेच थांबतो का, हे महत्त्वाचं. एकसुरी, संथ घोरणं शेजारच्याला त्रास देतं, एवढंच. पण घोरणं, मग एकदम शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, हा क्रम वारंवार दिसला तर ते स्लीप ॲप्नियाचं लक्षण. घसा मिटतो, हवा जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो, आणि माणूस परत झोपतो. सकाळी यातलं त्याला काही आठवत नाही.

त्या माणसाला सांगून मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे दोन व्हिडिओ घ्या. एक झोप लागल्यावर दोनेक तासांनी, दुसरा पहाटे चार ते सहाच्या दरम्यान. दुसरा चुकवू नका. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि त्रास वाढतो. उताणं झोपल्यावरही तसंच होतं. पांघरूण बाजूला करून छाती आणि पोट दिसेल असा मोबाइल ठेवा. आवाज थांबलाय, पण छाती-पोट जोरानं वरखाली होतंय, म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे आणि वाट बंद आहे. थांबलेला वेळ मोजा. 10 सेकंद किंवा त्याहून जास्त असेल तर वैद्यकीय व्याख्येत ती एक घटना धरतात.

मग हे आठ प्रश्न विचारा, प्रत्येक ‘हो’ला एक गुण: बंद दाराआडून ऐकू येईल एवढं घोरणं, दिवसा पेंग किंवा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलंय, रक्तदाब, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर, पुरुष. गळा शिंप्याच्या टेपनं कंठाच्या जागी मोजायचा. तीन-चार गुण म्हणजे मध्यम शक्यता, पाच किंवा जास्त म्हणजे दाट. मात्र वजनाच्या प्रश्नावर विसंबू नका. आशियाई माणसाला जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही हा आजार होतो, आणि “मी तर बारीक आहे” म्हणून कैक जण सुटून जातात.

बायकांच्या बाबतीत निदान आणखी हुकतं. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो, पण तक्रार घोरण्याची नसते. सकाळी डोकं दुखतं, रात्री वारंवार जाग येते, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, आणि सगळं “वयामुळे” या खात्यात जमा होतं.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं हेही याचंच लक्षण असू शकतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येतो, आणि हृदय जास्त लघवी करवणारं संप्रेरक सोडतं. साखर आणि प्रोस्टेट तपासून झालं, दोन्ही ठीक, तर पुढचा प्रश्न घोरण्याचा असायला हवा. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तरी हाच प्रश्न विचारा.

कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून मधेच एकदा आकडा बघितला तर काही कळत नाही, घसरण काही सेकंदांची असते. मनगटावरच्या घड्याळानं ‘डीप स्लीप’ चांगली दाखवली म्हणूनही निर्धास्त होऊ नका.

आणि घोरणाऱ्या माणसानं झोप नीट होत नाही म्हणून शेजाऱ्यानं दिलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी अजिबात घेऊ नये. अशा गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, जाग येण्याची यंत्रणाही मंदावतात. रात्रीच्या ‘एका पेग’चंही तेच.

मुलांत चित्र वेगळं. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात. मूल तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपतं, उशी घामानं भिजते, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. दिवसा ते पेंगत नाही, उलट जास्त धुडगूस घालतं, आणि शाळेतून “लक्ष देत नाही” असा निरोप येतो.

एक सावधगिरी. आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल आणि पाय सुजत असतील, तर दुखणं हृदयाचं असू शकतं. त्यासाठी वही भरत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा.

झोप लागत नाही, की चुकीच्या वेळी लागते?

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि दिवसाच्या कामावर परिणाम: हे तिन्ही जमलं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या आधीच्या चार रात्री त्यात येत नाहीत. एक नेमकी खूण बघा: सोफ्यावर टीव्हीसमोर डुलकी लागते आणि पलंगावर पाठ टेकताच डोळे टक्क उघडतात. पलंग म्हणजे जागरण, असं मेंदूनं शिकून घेतलेलं असतं. यावर पहिला उपचार गोळी नसून झोपेसाठीची सीबीटी, म्हणजे सवयी आणि विचार बदलण्याचे ठरावीक सत्रांचे उपचार. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडत असेल तर नैराश्याची शंका घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वेगळाच प्रकार दिसेल. रात्री तीनला झोप, सकाळी अकराला जाग, झोप मात्र उत्तम. अकराला आडवं व्हायला सांगितलं की तीनपर्यंत छताकडे बघत बसणार. हा निद्रानाश नाही, शरीराचं घड्याळ पुढे सरकलंय. गोळीपेक्षा रोज ठरल्या वेळी उठणं, उठल्यावर अर्धा तास उन्हात जाणं आणि उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणणं कामी येतं. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत फिरत्या पाळ्या करणाऱ्यांनी वहीत पाळी कुठली हे दर ओळीत लिहावं, नाहीतर नोंदी वाचताच येत नाहीत.

पायांची वळवळ

चार प्रश्न: पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढतं का? चाललं की बरं वाटतं का? संध्याकाळनंतर जास्त होतं का? चारही ‘हो’ असतील तर रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची दाट शक्यता आहे. लोक ‘पोटऱ्यांत किडे वळवळतात’, ‘पाय कोणाकडून तरी चेपून घ्यावेसे वाटतात’ असं सांगतात. पायात गोळा येणं वेगळं: त्यात स्नायू टणक होतो आणि कळ येते. तपासणीत नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) मागा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन 75 च्या खाली असेल तर या आजारात लोह देण्याचा विचार करतात. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या विकारात हा त्रास जास्त. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी आणि उलटीवरच्या काही औषधांनी तो भडकतो.

झोपेत चालणं, ओरडणं, हातपाय मारणं

इथे घड्याळ बघायचं. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल उठून चालतं किंवा किंचाळतं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही: मुलांत हे सहसा वयाबरोबर जातं. दाराला वरची कडी लावा, गॅलरी बंद ठेवा, हलवून जागं करू नका.

पन्नाशीनंतरचा माणूस पहाटेकडे शिव्या देतो, लाथा मारतो, आणि उठवल्यावर “कोणीतरी मागे लागलं होतं” असं स्वप्न सांगतो, तेव्हा मात्र थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा. स्वप्नात शरीर लुळं ठेवणारी यंत्रणा बिघडल्याचं ते लक्षण आहे, आणि पार्किन्सनच्या आधी काही वर्षं ते दिसू शकतं. तोवर पलंगाजवळची काच आणि टोकदार टेबल हलवा. दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, जीभ चावलेली, अंथरूण ओलं, असं असेल तर फिट्सची शंका घ्यावी.

जाग आली पण हलता येत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, हे कधीतरी होणं निरुपद्रवी असतं. पण त्याच्या जोडीला दिवसा आवरता न येणारी झोप आणि जोरात हसल्यावर गुडघे किंवा जबडा लुळा पडणं असेल, तर नार्कोलेप्सीची तपासणी हवी.

कोणाकडे, काय घेऊन

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. घोरण्यासाठी कान-नाक-घसा किंवा छातीचे तज्ज्ञ, निद्रानाशासाठी मानसोपचारतज्ज्ञ, पाय आणि स्वप्नातल्या मारामारीसाठी न्यूरॉलॉजिस्ट. खर्चाची अडचण असेल तर कान-नाक-घसा, छाती आणि मानसोपचार हे विभाग पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात आहेत. सोबत वही, दोन्ही व्हिडिओ, सर्व गोळ्यांची पाकिटं आणि शक्यतो रात्रीचा साक्षीदार न्या.

रात्रभराच्या तपासणीत तासाला श्वास किती वेळा थांबतो किंवा उथळ होतो ते मोजतात: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. घरी आणून लावायचं यंत्र घोरण्यासाठी बहुधा पुरतं. स्वप्नातल्या मारामारीसाठी लॅबमध्येच झोपावं लागतं. जाताना आपली उशी न्या, त्या दिवशी दुपारी झोपू नका, दुपारच्या जेवणानंतर चहा-कॉफी नको, आणि सकाळी केस धुवा पण डोक्याला तेल लावू नका, नाहीतर टाळूवरच्या तारा मध्यरात्री सुटतात आणि तंत्रज्ञ त्या परत चिकटवायला तुम्हाला उठवतो.