आपल्या जागेत हल्ला झाला, तर मालकाची जबाबदारी कुठवर?

नौपाड्यातला गाळा असो वा वाशीतला फ्लॅट, तिथे मारहाण झाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मारणारा तिसराच, मग मला पोलीस ठाण्यात का बोलावतात? हल्ल्याच्या गुन्ह्यात, त्याचा हेतू किंवा साथ असल्याशिवाय, मालक आरोपी ठरत नाही. मात्र निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा ही निराळी गोष्ट आहे. तिथे न्यायालय मुख्यतः हे पाहते की धोका आधी लक्षात येण्याजोगा होता का, साधी काळजी घेतली होती का, आणि ती न घेतल्यामुळेच इजा झाली का.

म्हणून सुरुवात तक्रारवहीपासून करावी. समजा, तळघरातल्या पार्किंगमधला दिवा बंद आहे, ही तक्रार वहीत तीन वेळा नोंदली आहे आणि तिन्ही वेळा शेजारचा ‘कार्यवाही’ हा रकाना कोरा आहे. नंतर तिथेच कोणावर चाकूहल्ला झाला, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे म्हणणे त्या कोऱ्या रकान्यापुढे टिकणे अवघड आहे. वही गायब करण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक कमिटीत भेटतात. त्यांचे ऐकू नये. दिवा लावावा, इलेक्ट्रिशियनचे बिल वहीला जोडावे आणि तारीख घालून सही करावी. जिने, फाटक आणि पार्किंग सोसायटीच्या ताब्यात असतील, तर गाळामालकाने मागणी सेक्रेटरीकडे लेखी करून पोच घ्यावी.

भाडेकरू ठेवताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी झाली म्हणजे पोलिसांनाही कळले, असे गृहीत धरू नये. भाडेकरूची माहिती कळवण्याचा पोलीस आयुक्तांचा आदेश लागू असताना ती दिली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, मग भाडेकरू कितीही सज्जन असो.

वॉचमन एजन्सीमार्फत नेमणार असाल, तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना पाहावा आणि रक्षकाच्या चारित्र्य पडताळणीची प्रत मागावी.

घटना घडलीच, तर जखमीला रुग्णालयात पोहोचवून ११२ वर कळवावे, जागा धुऊ नये. बहुतेक डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारी यंत्रे, जुन्या चित्रणावर आपोआप नवे चित्रण लिहितात, म्हणून त्याच दिवशी प्रत काढून ठेवावी, मूळ यंत्र मात्र पोलिसांच्या पंचनाम्यासाठी जसेच्या तसे राहू द्यावे. न्यायालयात ती प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. तेव्हा प्रत कोणी, कधी आणि कोणत्या यंत्रातून काढली, हे तिथेच एका कागदावर लिहून घ्यावे.