पिकअपला हायब्रिड टायर टाकताय? या चुका टाळा

जुलैतली सकाळ, पुण्याजवळचा पाबे घाट, बारीक पाऊस चालू. पिकअपचा मागचा माल ठेवायचा हौदा रिकामा, स्पीड फार तर तीस-पस्तीस, आणि एका डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू हळूच बाहेर सरकली. ब्रेकवर पाय नव्हता म्हणून वाचलो, गाडी सावरली, पण शेजारी बसलेली बायको वेल्ह्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. दोनच आठवडे आधी मी मोठ्ठ्या गोट्यांचे (गोट्या म्हणजे टायरवरचे उंच रबरी ठोकळे), बघितल्यावर रणगाडा वाटेल असे मड टेरेन टायर टाकले होते, आणि दुकानदार म्हणाला होता, "दादा, आता कुठंही घाला, गाडी अडकणार नाही." अडकली नाहीच. घसरली.

ते टायर नंतर विकले आणि हायब्रिड घेतले, त्यातही परत वेगळ्या चुका केल्या, तर म्हटलं एकदा सगळं लिहून टाकू. पुण्यात पिकअप घेतलेले बरेच जण सध्या याच प्रश्नात अडकलेत.

हायब्रिड म्हणजे काय ते आधी थोडक्यात. ऑल टेरेन म्हणजे एटी, सगळ्या रस्त्यांसाठीचा, आणि मड टेरेन म्हणजे एमटी, चिखलासाठीचा, या दोघांच्या मधला टायर. कुणी त्याला आरटी म्हणजे रग्ड टेरेन म्हणतं, कुणी एक्सटी म्हणतं. टोयोचा ओपन कंट्री आरटी, निट्टोचा रिज ग्रॅपलर, योकोहामाचा जिओलँडर एक्स-एटी ही त्यातली नावं. कडेच्या गोट्या एमटीसारख्या जाड आणि मोकळ्या, मधला पट्टा एटीसारखा जरा दाट. कल्पना चांगली आहे, पण "दोन्हीकडचं बेस्ट" असं जे सांगतात ते खरं नाही, दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं आणि थोडं थोडं जातं.

सगळ्यात मोठी चूक: आठवड्याचे किलोमीटर न मोजणं

मी माझे मोजले, टायर घेतल्यावर, म्हणजे उशिरा. नऱ्हे ते हिंजवडी जाऊन-येऊन, पाच दिवस, झाले सव्वादोनशेच्या आसपास. रविवारी वेल्ह्याकडं शेतावर, जाऊन-येऊन शंभरेक. त्यातला कच्चा रस्ता किती? शेवटचे चार किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन आठ. सव्वातीनशेमधले आठ! शंभरातले अडीच किलोमीटरसुद्धा नाहीत आणि मी टायर निवडत होतो त्या अडीच किलोमीटरसाठी, बाकीचे साडेसत्त्याण्णव ओल्या डांबरावर आणि कात्रज बायपासच्या ट्रॅफिकमध्ये कसे जाणार याचा विचारच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटो न पटो: हायब्रिड घ्यायच्या आधी "साधा एटी का नको?" याचं उत्तर द्या. दगडाळ रस्त्यावर रोजचं जाणं असेल, खाणीवर, साइटवर, फार्मवर माल न्यायचा असेल, टायरची साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत दोनदा फाटून झाली असेल, तर हायब्रिड घ्या, त्याची साइडवॉल सहसा जास्त दणकट असते. नुसतं ताम्हिणीला पावसात जायचंय, फोटो काढायचेत, तर एटी पुरून उरतो. दिसायला भारी हे कारण चालेल पण मग ते स्वतःशी तरी कबूल करा.

आणि माती कुठली तेही बघा. पश्चिमेकडं मुळशी, भोर, वेल्हे म्हणजे मुरूम, तांबडी माती आणि धारदार काळा दगड, इथं हायब्रिड खरंच कामाला येतो. पूर्वेकडं दौंड, बारामती, इंदापूर साइडला काळी माती, आणि ओल्या काळ्या मातीत हायब्रिडची मस्ती दोन मिनिटांत उतरते, गोट्यांच्या मधल्या खाचा भरतात आणि टायर चिखलाचा गोळा होतो. एमटी थोडा जास्त वेळ टिकतो इतकंच. तिथं खरा उपाय म्हणजे वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, गाडी शेतात घालायची नाही, बांधावर लावून चालत जायचं.

गोट्या बघितल्या, चिरा बघितल्याच नाहीत

पाबे घाटात झालं ते यामुळं. ओल्या डांबरावर पकड मोठ्या गोट्यांनी येत नाही, गोट्यांवर ज्या बारीक चिरा असतात ना ब्लेडनं कापल्यासारख्या, त्या पाण्याचा पातळ थर तोडतात आणि रबराच्या कडा रस्त्याला चावतात. एमटीला त्या कमी असतात किंवा नसतातच. त्यात रिकाम्या पिकअपचं मागं वजनच नसतं, मागच्या स्प्रिंगचे पाटे एक टनाच्या हिशोबानं बनवलेले, मागचं चाक रस्त्यावर नीट दाबलंच जात नाही. कारवाल्या मित्राचा रिव्ह्यू पिकअपला लागू होत नाही तो यामुळंच.

दुकानात गेलात की मधल्या पट्ट्यावर नख फिरवा. चिरा आहेत का, आणि किती खोल आहेत? काही टायरमध्ये त्या वरवर असतात, टायर अर्धा झिजला की गायब, मग नक्षी भरपूर दिसते पण पावसात पकड गेलेली असते. खाचांच्या तळाशी झिजेची खूण असते ती १.६ मिलिमीटरची, तिथपर्यंत टायर आला की तो बाद. पण आपल्या घाटातल्या पावसात त्या खुणेची वाट बघू नका, मी तर तीन-चार मिलिमीटरलाच बदलायचा विचार सुरू करतो.

नवा टायर टाकल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा दमानं घ्या, साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेला गुळगुळीत थर वर राहिलेला असतो.

साइज वाढवायचा मोह

माझ्या गाडीला कंपनीचा साइज २५५/६० आर १८. हायब्रिड घेताना मी २५५/६५ घेतला, म्हटलं पाचचाच तर फरक. हिशोब करा: २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिचे साठ टक्के म्हणजे साइडवॉलची उंची १५३ मिलिमीटर, वर-खाली मिळून ३०६, अधिक रिमचे अठरा इंच म्हणजे ४५७, एकूण उंची ७६३ मिलिमीटर. ६५ घेतल्यावर ती ७८९ च्या आसपास जाते. सव्वातीन टक्के. म्हणजे मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०३ नं पळतेय, आणि एक्सप्रेसवेवर लिमिट १०० असताना कॅमेऱ्याला तुमच्या टायरचं गणित सांगून काही उपयोग नाही.

यात एक गंमत आहे. मायलेज पडलं म्हणून सगळे ओरडतात. पडतंच, हायब्रिड टायर जड असतो, पण टायर मोठा घेतला असेल तर मीटर किलोमीटरच कमी मोजतोय, त्यामुळं मायलेज जितकं पडलं त्यापेक्षा जास्त पडल्यासारखं वाटतं. मी दोन महिने कुरकुर केली आणि मग फोनवरच्या जीपीएसशी ताडून पाहिलं तेव्हा अर्धी तक्रार तिथंच संपली.

मोठा टायर गाडीला कुठं घासतो का याचं टेस्टिंग दुकानासमोरच्या सपाट फरशीवर करून काही कळत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घ्या, मग हौद्यात वजन टाकून, आणि जमलं तर एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून परत वळवा. माझ्या गाडीत मडफ्लॅपचा कोपरा घासत होता, तो फक्त रिव्हर्समध्येच, कळायला आठवडा गेला.

आणि स्टेपनी! चार टायर मोठे घेतले, स्टेपनी जुनीच ठेवली. माझ्यासारखा पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरती चारही चाकं चालवणारा, असेल तर हे सरळसरळ धोक्याचं आहे, कारण फोर हाय मोडमध्ये (चारही चाकं चालू असताना) पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो, चाकांची उंची वेगळी असेल तर ताण गिअरबॉक्सवर जातो. पाच टायर घ्या, आणि पाचवा मागं हौद्याखालच्या जागेत बसतोय का ते घ्यायच्या आधीच बघा.

मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं, तीन साइज मोठे टायर, असलं काही करत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल त्यात अडकतात आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्याला आयतं कारण मिळतं. शिवाय मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडावर खडी उडते ते वेगळंच.

साइडवरचे आकडे

साइजच्या पुढं ११२ एस किंवा १०९ टी असं काहीतरी असतं. तो आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो: १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२०, १२१ म्हणजे १४५०. अक्षर जास्तीत जास्त स्पीडचं, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, क्यू १६०. पिकअपला कंपनीनं दिलेल्या लोडपेक्षा खालचा आकडा कधीच घेऊ नका, टायर कितीही स्वस्त मिळू दे. माल भरून खंबाटकी उतरताना टायर तापतो आणि मग त्या आकड्याची किंमत कळते.

उलटी चूकही होते. "टेन प्लायचा घ्या, फुटणारच नाही." आतमध्ये खरोखर दहा थर नसतात, ते ताकदीचं जुनं माप आहे. असले एलटी म्हणजे लाइट ट्रकचे टायर कडक असतात, तेवढंच वजन पेलायला त्यांना हवा जास्त लागते, आणि रिकाम्या गाडीला लावले तर नवले पुलाच्या प्रत्येक जॉइंटला मागचे प्रवासी उड्या मारतात. रोज वजन वाहात नसाल तर गरज नाही.

चार आकड्यांचा तारखेचा कोडही बघा. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, टायर चढवल्यावर ती बाजू आत गेली तर शोधायला गाडीखाली झोपावं लागतं, म्हणून चढवायच्या आधीच पाचही टायर फिरवून बघा. आयएसआयचा शिक्काही तेव्हाच बघून घ्या. डोंगरावर बर्फाच्या चांदणीची खूण असली तर तिच्यासाठी पुण्यात एक रुपयाही जास्त देऊ नका.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून मॉडेल ठरवायचं हीही एक चूक. जून २०२० पासून भारतात टायरची आयात परवान्याखाली आली, त्यामुळं व्हिडिओतला टायर आपल्या साइजमध्ये इथं मिळेलच असं नाही. नाना पेठेत विचारताना पहिला प्रश्न किमतीचा नको, "उद्या एक फाटला तर असाच एक किती दिवसांत द्याल?" हा विचारा. दुकानदार छताकडं बघायला लागला तर समजून जा.

टाकल्यावर त्रास होतोय?

घूं घूं आवाज येतोय. हायब्रिडला थोडा येणारच. पण रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर गेलात, की आवाज बदलत असेल तर तो टायरचा. रस्ता तोच असताना स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडं केल्यावर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग तपासा. आणि गोट्यांवरून तळहात पुढं-मागं फिरवा, एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टायर तिरके झिजताहेत, रोटेशन म्हणजे टायरच्या जागा आलटून-पालटून बदलणं राहिलंय. आठ-दहा हजार किलोमीटरनी पाचही टायरच्या जागा बदला, हायब्रिडला हे टाळलं तर आवाज वाढतच जातो.

गाडी एका बाजूला ओढतेय आणि अलाइनमेंट ठीक आहे म्हणतात? पुढचे दोन टायर आपसात बदला, दिशेचा बाण असलेले असतील तर सोडून. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, वॉरंटीचं बघा.

ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतंय. यात मी दोनदा बॅलन्सिंगचे पैसे घालवले. तिसऱ्या वेळी एका पोरानं चाक काढलं, रिमच्या आत बोट घातलं आणि भाकरीएवढा वाळलेल्या चिखलाचा थर काढून माझ्या हातात दिला. शेतावरून आलं की रिमची आतली बाजू पाण्यानं धुवा, बाहेरून गाडी कितीही चकाचक दिसू दे.

मधूनच झिजतोय किंवा कडाच झिजताहेत, म्हणजे हवा चुकतेय. मधून झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर कमी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लोड असताना आणि नसताना असे वेगळे आकडे असतात, तिथून सुरुवात करा. पण तो आकडा कंपनीच्या टायरचा आहे, साइज किंवा प्रकार बदलला तर त्याची परीक्षा घ्यायला हवी. शाळेतला साधा खडू घ्या, टायरवर आडवी जाड रेघ मारा आणि सरळ कोरड्या रस्त्यावर शे-दोनशे मीटर हळू चालवा. रेघ सगळीकडून सारखी पुसली तर हवा बरोबर. मधूनच पुसली तर थोडी कमी करा, कडांनीच पुसली तर वाढवा. मोजणी सकाळी गार टायरवर, कारण दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) फरक पडतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो.

कच्च्या रस्त्यावर हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवलीत तर डांबराला लागताच परत भरा. मी छोटा कॉम्प्रेसर सीटखाली ठेवतो, चार चाकांना वीसेक मिनिटं लागतात, तोवर पाबे गावात चहा होतो. आणि चाकं काढून लावली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, पाना तेवढ्यासाठी वर काढून ठेवा, हौद्यातल्या सामानाखाली पुरून ठेवू नका.