‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका: पोटाच्या साथीत होणाऱ्या चुका

घरात कुणाला उलट्या सुरू झाल्या की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: काल बाहेर काय खाल्लंस? खापर मिसळीवर फुटतं आणि तिसऱ्या दिवशी अख्खं घर आडवं होतं.

आधी घड्याळ बघा. अन्नातून विषबाधा झाली असेल तर अनेकदा काही तासांतच, ते खाल्लेल्या सगळ्यांना साधारण एकदमच त्रास होतो. पोटाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस हा विषाणू मात्र शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांनी उसळतो: अचानक मळमळ, उलट्यांवर उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, अंगात कणकण. आज मुलगा, परवा आजी, मग तुम्ही, असे एकापाठोपाठ एक पडलात तर संसर्गच धरा. शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत.

सॅनिटायझरवर भिस्त ठेवणं ही मोठी चूक. या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबणाने, वाहत्या पाण्याखाली २० सेकंद हात चोळा. उलटी नुसत्या ओल्या फडक्याने पुसून तेच फडकं पुन्हा ओट्यावर फिरवू नका. आधी कागदाने उचला, मग ब्लीच मिसळलेल्या पाण्याने जागा पुसा आणि पाच मिनिटं तशीच ओली राहू द्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

उलटी झाल्या झाल्या ग्लासभर पाणी पाजलं तर तेही बाहेर येतं. दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने ओआरएस द्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा, अंदाजाने नको. मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, तर सकाळची वाट बघू नका.

जुलाब थांबले की लगेच मुलाला शाळेत पाठवलं जातं. निदान ४८ तास घरी ठेवा. ज्याला त्रास झाला त्यानेही तेवढा वेळ स्वयंपाकाला हात लावू नये.

पुणेकरांनी एक गोष्ट विसरू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम: यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब झाले होते. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि काही नमुन्यांत नोरोव्हायरसही सापडला. पोट बरं झाल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.