रिपोर्टात ‘एमव्हीपी’ दिसला तर तो कसा वाचायचा

मिरजेतल्या हार्टच्या दवाखान्यांबाहेर टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद हातात घेऊन ‘वॉल लूज झालाय म्हणे’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. त्या कागदावर मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, म्हणजे ‘एमव्हीपी’ असेल, तर बहुतेकांना घाबरायचं काही कारण नसतं.

आधी आत काय होतं ते बघू. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची झडप असते, तीच मायट्रल व्हॉल्व्ह. पाकळ्यांच्या कडा बारीक तंतूंनी खालच्या कप्प्यातल्या स्नायूंना बांधलेल्या असतात. खालचा कप्पा आवळला की झडप गच्च मिटते. पण पाकळ्या ऐसपैस आणि तंतू लांबलेले असले, तर बेदाण्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री दोऱ्या सैल पडल्यावर फुगावी तशी पाकळी वरच्या कप्प्यात फुगते. शंभरात दोन-तीन जणांत हे सापडतं.

आता रिपोर्ट. ‘एमव्हीपी’वर अडकू नका, थेट ‘एमआर’ शोधा. एमआर म्हणजे गळती, आणि खरी गोष्ट तिथंच आहे. ‘ट्रिव्हियल’, म्हणजे अगदी नावापुरता, तर धडधाकट माणसातही दिसतो. ‘माइल्ड’ला साधारण तीन ते पाच वर्षांनी एको, ‘मॉडरेट’ला वर्ष-दोन वर्षांनी, ‘सिव्हिअर’ला सहा महिने ते वर्षभरात.

मग ‘ईएफ’ बघा, म्हणजे खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. इथं भलेभले फसतात. एरवी ६० टक्के म्हणजे छान. पण गळती सिव्हिअर असेल, तर थोडं रक्त उलटं, कमी दाबाच्या कप्प्यात सटकत असतं, म्हणून दमलेलं हृदयही आकड्यात जोरकस दिसतं. त्यामुळं अशा पेशंटचा ईएफ ६० वर किंवा खाली आला, की त्रास नसला तरी डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात. शक्यतो झडप बदलण्यापेक्षा दुरुस्त केलेली बरी.

तपासताना डॉक्टरांनी उभं करून पुन्हा स्टेथोस्कोप लावला तर वैतागू नका. उभं राहिल्यावर झडपेचा ‘टक्’ आवाज लवकर येतो, त्यावरून निदान पक्कं होतं.

शेजारच्याला एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे म्हणून तुम्ही मागू नका. ते संधिवाताच्या तापानं बिघडलेल्या झडपेसाठी असतं, हा आजार वेगळा.

जिना चढताना धाप लागायला लागली, ठोके चुकल्यासारखे वाटले, तर तारखेआधीच दाखवा. शुद्ध हरपली किंवा एकाएकी श्वास घेता येईना झाला, तर तंतू तुटलेला असू शकतो किंवा ठोक्यांची लय बिघडलेली असू शकते. तेव्हा ओपीडीच्या नंबरात बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.