"मांजर मासा खाल्ली" म्हणणाऱ्या लेकराशी कसं बोलायचं

लेक साडेतीन वर्षांची असताना मालवणच्या आमच्या मागीलदारी ओरडली, "आई, मांजर मासा खाल्ली!" मी म्हटलं, "असं नाही, नीट बोल." ती गप्प झाली. तिचं ते गप्प होणं अजून टोचतं, म्हणून लिहितेय.

मुलाचं बोलणं वयाच्या मानाने मागे वाटत असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना स्वतःहून सांगा. दोन वर्षांचं मूल 50 शब्दसुद्धा बोलत नसेल, "दूध दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत थांबू नका. लेकीला ऐकू नीट येत होतं, अडचण भाषा शिकण्याचीच होती. शंभरातल्या साधारण 7 मुलांना ती असते आणि त्यात आईबापाची चूक नसते.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी शिकवलं ते असं: चूक दाखवायची नाही. तिचंच वाक्य बरोबर करून लगेच म्हणायचं, "हो गं बाय, मांजरीने मासा खाल्ला!" तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही. मग तेच वाक्य फिरवायचं. मांजरीने बांगडा खाल्ला. सुरमई खाल्ली. पापलेट खाल्लं. इथे क्रियापद मांजरीप्रमाणे नाही, माशाप्रमाणे बदलतं. बाकीची मुलं हे जाता-येता उचलतात. आपल्या मुलांना ते कितीदा तरी, वेगवेगळ्या शब्दांबरोबर ऐकावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट धरा. आम्ही आधी फक्त 'ने' धरला. 'मासाला'चं 'माशाला' नंतर.

शब्द म्हणजे नुसती नावं नव्हेत. चित्र दाखवून "हे काय?" विचारत बसू नका, कामाशेजारी बसवा. "खोबरं खवतेय. कोळंबी सोलतेय. आता तू सोल. सोललीस!" हात चालू असताना तोच शब्द पाच-सहा वेळा येऊ दे. मग थांबा, मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

आजी मालवणीत बोलते, तिला थांबवू नका. तिचा 'बांगडो' आणि अंगणवाडीतला 'बांगडा' दोन्ही पोरीचेच. दोन बोलींनी हा त्रास होत नाही.

परवा ती धावत आली, "आई, मांजरीने बांगडा खाल्ली!"

'ने' आला होता. मी तव्याखालचा गॅस बंद केला, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "हो? मांजरीने बांगडा खाल्ला?"